साफ पोटांचं गाव

नंदुरबारला कशाला गेली होतीस, असं परत आल्यापासून जो तो विचारतो. खरं उत्तर दिलं की समोरचा हातातला घास ताटात ठेवतो. पण खोटं किती दिवस सांगणार? मी माणसाची विष्ठा आणायला गेले होते. सरकारी भाषेत 'नमुना'. आता नाक मुरडून झालं असेल तर पुढे वाचा, कारण त्या भागात तुमच्यापैकी फारसं कुणी गेलेलं नसणार आणि मीही या कामाशिवाय कधी गेले नसते.

मी मूळची सांगलीची. नाशिकच्या एका कर्करोग रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. आमच्या वॉर्डात शिमोनभाऊ नावाचा एक गवंडी होता, विसरवाडीच्या पुढच्या डोंगरातल्या एका गावचा. मोठ्या आतड्याचा कर्करोग, यकृतापर्यंत गेलेला. त्याच्या गाठीचा तुकडा तपासून, तिचा स्वभाव पाहून औषध निवडलं होतं. हे औषध गाठीला थेट मारत नाही, शरीराच्या स्वतःच्या शिपायांना जागं करतं. पहिले काही महिने गाठी आकसल्या. मग छातीत संसर्ग झाला, अँटिबायोटिक द्यावी लागली, पुन्हा संसर्ग, पुन्हा अँटिबायोटिक. त्यानंतर औषध जणू लागूच पडेना.

का, ते छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. पण आतड्यात जे असंख्य जिवाणू राहतात त्यांचा यात हात असावा, असं आता जगभरचे डॉक्टर म्हणतात. त्यातले काही कर्करोगाला खतपाणी घालतात, काही उलट औषधाला मदत करतात. अँटिबायोटिकने शिमोनभाऊच्या पोटातले भले-बुरे सगळेच मेले. घरी विरजण संपलं की आपण काय करतो? वाटी घेऊन शेजारी जातो. आमच्या डॉक्टरांचा प्रयोग तोच होता. निरोगी माणसाचे जिवाणू विष्ठेतून घ्यायचे, गाळायचे, तपासायचे आणि दुर्बिणीने रुग्णाच्या आतड्यात सोडायचे.

यात एक अट होती. दाता रक्ताच्या नात्यातला नको, कारण या जातीचा कर्करोग घराण्यात उतरू शकतो. म्हणजे मुलगा बाद. पण त्याच चुलीवरचं, त्याच मातीतलं खाणारा असला तर बरं. रूथबाई, म्हणजे शिमोनभाऊची बायको, मधुमेहाच्या गोळ्या घेत असल्याने बाद. उरला तिचा भाऊ दावीद. तो फोनवर एका शब्दात तयार झाला. महिन्याभरात दाता मिळाला नाही तर शिमोनभाऊला या प्रयोगातून वगळून जुन्या, जहाल औषधावर ठेवणार होते, आणि ते औषध सोसण्याइतकं मांस त्याच्या अंगावर उरलं नव्हतं. त्याचा मुलगा प्रकाश त्याच्या उशाशी बसलेला. म्हणून दावीदला तपासून, नमुना घेऊन यायला मी निघाले.

नंदुरबार

बसमधून उतरले आणि शिंकायला लागले. शहराबाहेर माळावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या, नजर जाईल तिथपर्यंत. आमच्या सांगलीला हळदीचा बाजार, पण हळद बिचारी गप्प पडून असते. ही मिरची गावात शिरण्याआधीच अंगावर येते. मी पदर नाकाला लावून उभी, तर फोनवर ठरवलेला गाडीवाला भटूभाऊ माझ्याकडे बघून खो खो हसतोय.

"तुम्हीन शिंकी ऱ्हायनात ताई! आमले तर वासच येत नही."

भटूभाऊ पुढचे सगळे दिवस माझ्याबरोबर होता. बोलणं अहिराणी, आणि अखंड. माझ्या हातातल्या निळ्या बर्फाच्या डब्यावर त्याचा पहिल्यापासून डोळा. "ताई, ह्या डबामा काय शे?" मी म्हटलं, अजून काही नाही. येताना काय असेल ते सांगितलं, तेव्हा त्याने गाडी बाजूला घेतली. "मन्ह्या गाडीमा?" मी म्हटलं, "हो, तुझ्याच गाडीमा. तुझ्या पोटात आत्ता आहे ते काय वेगळं आहे का?" यावर तो जरा विचारात पडला आणि बराच वेळ गप्प बसला. तेवढीच शांतता.

जेवायला त्यानेच एका खानावळीत नेलं. ज्वारीची भाकरी, शेवेची भाजी आणि वर तेलाचा तो लालभडक तवंग. मी कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यावर वाढलेली बाई, म्हटलं मला काय तिखटाचं! दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी. भटूभाऊने ताकाचा पेला पुढे सरकवला.

विसरवाडीच्या पुढे

विसरवाडी म्हणजे महामार्गावरचा फाटा. सुरतेकडे जाणारे ट्रक, टायरची दुकानं, भज्यांच्या गाड्या, केळीचे घड टांगलेले. फाटा सोडला की पाच मिनिटांत सगळा गलका मागे पडतो आणि सागाची झाडं लागतात. शिमोनभाऊचं गाव टेकडीच्या पोटाशी. कौलारू घरं, शेणाने सारवलेली अंगणं, आणि मधोमध पांढरी प्रार्थनेची खोली. ती शिमोनभाऊने स्वतः बांधलीय. अर्धं गाव त्याच्या हातचं आहे. भिंती ओळंब्यात, एक कोपरा वाकडा नाही. वॉर्डात कुशीवर वळायलाही दुसऱ्याचा हात लागणाऱ्या माणसाचं हे काम बघून मला कसंतरी झालं.

रूथबाईंनी हात धुवायला पाणी दिलं आणि ताट वाढलं. नागलीची भाकरी, तुरीची डाळ, भात. नागली म्हणजे आपली नाचणी. आमच्याकडे ती बाळाच्या पेजेत नाहीतर डॉक्टरांनी सांगितली म्हणून खातात. इथे ती रोजची. आणि डाळ! नवापूरकडच्या तुरीची ही चव मी कुठे खाल्ली नाही. साधी, हळद-मिठाची, वर थोडी मिरची. मी दोनदा मागून घेतली. आहारतज्ज्ञ म्हणून मनात नोंद झाली, की असलं चोथ्याचं आणि डाळीचं खाणाऱ्या माणसाचं पोट जिवाणूंच्या दृष्टीने सोन्याची खाण.

पण मीच एकटी जेवत होते. बाकी सगळे माझ्याकडे बघत बसलेले.

"तुम्ही नाही जेवत?"

"आमचा उपास होता ताई," दावीद म्हणाला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, पण चेहरा उतरलेला, डोळे आत गेलेले. "प्रार्थनेचा उपास. आज सकाळी सोडला, थोडी पेज घेतली."

घरची माणसं देवळात असोत की चर्चमध्ये, आजारी माणसासाठी उपास धरणं मला नवीन नाही. आमची आई सोमवार धरायची. मी म्हटलं, हरकत नाही, उपासाने काही बिघडत नाही, दोन दिवस नीट जेव, मग नमुना घेऊ.

"नमुना आजच घ्या ना. एकदम साफ आहे आता पोट."

"साफ म्हणजे?"

"म्हणजे घाण कशी द्यायची, ताई? शिमोनच्या आत जाणार ते. देवाच्या कामात आपण अंघोळ करून जातो, तसं आतूनपण साफ व्हायला पाहिजे." आणि त्याने खिशातून औषधाची रिकामी पट्टी काढून माझ्यापुढे अभिमानाने धरली. फाट्यावरच्या दुकानातून आणलेली. पोटात एकही किडा राहायला नको, अशी गोळी दे, असं सांगून घेतलेली.

मी पट्टी उलटी करून नाव वाचलं. अँटिबायोटिक! आणि साधंसुधं नाही, पोटातलं सगळं झाडून नेणारं.

माझा स्वभाव तापट आहे. वॉर्डातल्या सिस्टर मला बघून डबे लपवतात. मी ताटावरून उठले आणि नको नको ते बोलले. "अरे बाबा, फोनवर सांगितलं होतं ना, अँटिबायोटिक चालणार नाही म्हणून? जे आम्हाला पाहिजे तेच तू मारून टाकलंस! विरजण मागायला आले आणि तू भांडं घासून ठेवलंस!"

दावीदने माझ्या हातातली पट्टी परत घेऊन पाहिली. "मला वाटलं ही पोटाची गोळी," तो म्हणाला. "अँटिबायोटिक म्हणजे तापाची ना?"

तीन महिने तरी तो दाता होऊ शकत नव्हता. शिमोनभाऊकडे एक महिना.

मी विचारलं, गावात दुसरं कुणी? शेजारी, मित्र, कुणीही निरोगी. तसे अंगणात सगळे जमलेच होते. आणि मग कळलं ते ऐकून मी ओट्यावर बसलेच. दावीदच्या तपासणीत काही निघालं तर आपण आहोत, म्हणून प्रार्थनेच्या मंडळातल्या, म्हणजे गावातल्याच, सगळ्यांनी उपास धरला होता. गोळ्याही सगळ्यांनी घेतल्या होत्या. बायका, पुरुष, एक म्हातारे आजोबासुद्धा. ज्याला त्याला वाटलं, आपलं कामी आलं तर बरं. इतकी माया आणि इतका घोटाळा मी एका जागी कधी पाहिला नव्हता. चिडावं की रडावं कळेना. शेवटी मी हसले, मग तेही हसले, आणि रूथबाई तेवढ्या आत निघून गेल्या.

मी मागोमाग गेले. त्या चुलीपाशी बसल्या होत्या.

"मला मुलगी असती तर तिने दिलं असतं," त्या म्हणाल्या. "एकच मुलगा आहे मला."

"मुलगी आम्ही घेतलीच नसती, बाई. रक्ताचं नातं नको, सांगितलं ना."

त्यांनी मान वर केली. हे त्यांच्या डोक्यात पहिल्यांदाच शिरलं असावं. मग मी सहज विचारलं, प्रकाशचं लग्न झालंय ना, सूनबाई कुठे आहे?

रूथबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि सांगायला लागल्या. सून मीना, तोरणमाळची. प्रकाशने आपल्या मनाने केलेली, दुसऱ्या जमातीतली, दुसऱ्या बोलीची. सुरतेला कामावर भेटले होते. ती घरात आली त्याच वर्षी शिमोनभाऊचा आजार निघाला. नाताळात रूथबाई तिला सगळ्यांसमोर बोलल्या, तू आलीस आणि घरात रोग आला. त्यानंतर ती माहेरी गेली ती आलीच नाही.

"गोळी तिनेच घेतली नसेल फक्त," रूथबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, उद्या जाऊन विचारते. त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला? मी बोलले, मीच जायला पाहिजे."

तोरणमाळ

सकाळी निघालो. रूथबाईंनी मांडीवर तुरीच्या डाळीची आणि तांदळाची पिशवी धरलेली, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. शहाद्यापर्यंत सपाट रान, ऊस, केळी, पपई. सातपुडा समोर दिसायला लागला तशी त्यांनी ती पिशवी घट्ट धरली. घाट सुरू झाला आणि मी दाराची मूठ. रस्ता डोंगराला गुंडाळून गुंडाळून वर नेलाय, खाली बघायची सोय नाही. भटूभाऊ तेवढा मजेत. "गाडी चढी जाई ताई, तुम्हीन डोळा मिटी ल्या!" त्याने स्वतःही मिटले की काय अशी मला भीती वाटली.

वर थंडी. खाली मिरच्या वाळवणारं ऊन आणि इथे शाल लागते. मोठा तलाव, झाडी, लांब लांब विखुरलेली घरं. खालच्या गावासारखी दाटीवाटी इथे नाही, ज्याचं शेत त्याच्या शेतात घर. मीनाच्या माहेरचं घर कुडाचं, अंगणात मक्याची कणसं टांगलेली. ती शेळ्यांना पाला टाकत होती. पंचविशीची, काटक. सासूला बघून तिने हातातला पाला खाली ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि पाणी आणलं.

तिच्या आईला मराठी येत नव्हतं, रूथबाईंना तिची पावरी बोली येत नव्हती. दोघी विहिणी एकमेकींकडे बघून नुसत्या माना हलवत होत्या. मधे मीना आणि मी. मी सगळं सांगितलं, विरजणापासून. आपलं शहरी आडपडदा ठेवून बोलणं इथे उपयोगाचं नाही, म्हणून सरळ सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आई म्हणाल्या, रोग मी आणला," ती माझ्याकडे बघत, पण सासूला ऐकू जाईल असं म्हणाली. "मग माझ्या पोटातलं बाबांच्या पोटात कसं चालेल?"

आमच्या घरी असं काही झालं असतं तर एव्हाना आरडाओरडा, जुनीपानी उणीदुणी, दोन मावश्या मधे पडलेल्या. इथे कोंबडीसुद्धा ओरडली नाही.

रूथबाई म्हणाल्या, "चुकलं माझं, मीना. मला भीती वाटत होती. कुणावर तरी घालायचं होतं, तुझ्यावर घातलं." आणि मग, "तू नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. पण बाबा फार वाळलेत. ये एकदा बघायला तरी."

मीना उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. भटूभाऊ गाडीला टेकून आभाळाकडे बघत उभा. ती बाहेर आली ती कपड्यांची पिशवी घेऊन. "बाबांना काही होऊ नये," ती म्हणाली. "मी आले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी न्हाणीघर बांधलं होतं, आडोशाचं. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना."

मग माझे प्रश्न. दारू? नाही. तंबाखू? नाही. दिवस गेलेत? लाजून नाही. गेल्या वर्षभरात कुठली गोळी? तिने आठवून आठवून सांगितलं, शाळेत असताना जंताची खाल्ली होती. मी तिचा मुकाच घ्यायचा बाकी ठेवला.

तिच्या आईने जेवल्याशिवाय सोडलं नाही. मक्याची भाकरी, उडदाची डाळ, आणि आमच्याच पिशवीतल्या तांदळाचा भात. निघताना बघते तर माझा निळा डबा पेरूंनी भरलेला. "रिकामाच व्हता ना," भटूभाऊ म्हणाला, "थंड ऱ्हातीन म्हणून ठेवात." त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पेरू मात्र गोड होते.

घाट उतरताना मीनाला गाडी लागली. दर वळणावर गाडी थांबवायची. रूथबाईंनी तिचं कपाळ धरून ठेवलं, पाठ चोळली, पदराने तोंड पुसलं. भटूभाऊने आरसा वर करून ठेवला, आणि खालपर्यंत तो एक शब्दही बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूने मुद्दाम सांगते.

नाशिक

मीनाच्या रक्ताच्या आणि बाकीच्या तपासण्या नाशिकलाच केल्या. ते दिवस आम्ही सगळेच धास्तीत होतो. एक जरी अहवाल वाकडा आला असता तर दुसरं माणूस नव्हतं. अहवाल चांगले आले. आमच्या प्रयोगशाळेतली पोरगी म्हणाली, काय काय राहतंय हिच्या पोटात, शहरात इतक्या जाती बघायला मिळत नाहीत. नागली, मका, डाळ, दुसरं काय!

शिमोनभाऊला सांगितलं तेव्हा तो आधी तयार होईना. सुनेचं कसं घेऊ, म्हणाला, तिला कमीपणा नको. मीनाने दारातूनच सांगितलं, "बाबा, माझं काय जातं? रोजच जातं." वॉर्डात हशा पिकला. शिमोनभाऊही हसला, पोट धरून, आणि सही केली.

ठरल्या दिवशी ते झालं. त्यानंतर पुन्हा तेच औषध सुरू केलं. परवा पहिलं स्कॅन झालं. यकृतातल्या गाठी वाढलेल्या नाहीत, एक थोडी आकसलीय. डॉक्टर म्हणाले, एका माणसावरून आणि एका स्कॅनवरून आम्ही काही म्हणणार नाही, पुढचं स्कॅन बघू. तेही बरोबरच आहे. पण शिमोनभाऊ आता भात मागून घेतो, आणि काल वॉर्डाची एक भिंत ओळंब्यात नाही म्हणून त्याने सिस्टरला सुनावलं. गावी दावीद आणि मंडळींचा पुन्हा उपास चालू आहे. मी फोन करून बजावलंय, उपास करा, गोळी नको.

काल दुपारी मी ओपीडीकडे निघाले होते. बाहेरच्या बाकावर रूथबाई आणि मीना एका डब्यातून जेवत बसल्या होत्या. शेजारच्या रुग्णाची बायको कौतुकाने बघत होती. तिने विचारलं, "मुलगी का हो तुमची?"

"नाही," रूथबाई म्हणाल्या, आणि भाकरीचा मोठा तुकडा मीनाच्या बाजूला सरकवला. "मुलगी असती तर डॉक्टरांनी घेतलंच नसतं. सून आहे, म्हणून माझा माणूस आहे."